२६५० एमएएचच्या शिल्पकारास अनावृत पत्र

प्रति,
मा. आकडेकार साहेब,
कॅमेरा बॅटरी विभाग (डुप्लिकेट),
मुक्काम पोस्ट : स्टिकरवर नमूद नाही.



पत्र जाहीरपणे लिहितो आहे, कारण खासगीत पाठवायची सोय आपण ठेवलेली नाही. आपल्या बॅटरीच्या स्टिकरवर जागेची टंचाई होती असंही नाही. आगीत टाकू नये, पाण्यात टाकू नये, उघडू नये, मुलांच्या हाती देऊ नये, हे सगळं बारीक अक्षरांत आहे. काट मारलेल्या कचराकुंडीचं चित्र आहे. ‘मेड इन जपान’सुद्धा आहे. बनवणाऱ्याचं खरं नाव तेवढं नाही. प्रसिद्धीपराङ्मुख माणूस असावा तर असा.

आणि या बारीक मजकुराच्या डोक्यावर, सोनेरी ठशात, लांबून वाचता येईल असा तो आकडा : २६५० एमएएच.

मी लग्नाचे, वारीचे आणि पोटासाठी पडतील ते फोटो काढतो. त्यामुळे बॅटऱ्यांशी माझा संबंध रोजचा, आणि आपल्या त्या आकड्याशी जरा जास्तच जवळचा. दुकानात ही बॅटरी हाती आली तेव्हा झालेला संवाद आपल्याला ऐकवतो, म्हणजे आपल्या कलेचा प्रभाव कळेल. ‘बॅकअप कसा देते?’ ‘साहेब, ओरिजिनलपेक्षा जास्त. आकडा बघा ना!’ ‘गॅरंटी?’ ‘लावून बघा, चालली की चालली.’ ‘पक्कं बिल?’ ‘बिलाने रेट वाढेल.’ एवढ्या संभाषणात पुरावा म्हणून काय पुढे आलं, तर आपला आकडा. बाकी कशाचीच जबाबदारी कुणी घेतली नाही.

अस्सल बॅटरी बनवणाऱ्यांची मला कीव येते. कॅननने २००८ साली एलपी-ई६ आणली, तिच्यावर लिहिलं १८००. पुढे सुधारून एलपी-ई६एन काढली, तिच्यावर १८६५. आणखी सुधारून २०२० साली एलपी-ई६एनएच काढली, तर मजल कुठवर? २१३०. एका तपात ३३० ची वाढ! एवढे इंजिनिअर, एवढ्या प्रयोगशाळा, आणि सरळ १९०० न लिहिता १८६५ लिहिण्याचा कद्रूपणा. आपण त्याच मापाच्या डब्यात एका दुपारी २६५० भरलेत, तेही फक्त छापखान्याच्या मदतीने. आपल्याच भाऊबंदांचे याहून मोठे आकडेही बाजारात पाहिले आहेत. तेव्हा आपण त्यातल्या त्यात संयमी, हे मान्य.

पण साहेब, गणित कच्चं राहिलं. व्होल्टला अँपिअर-अवरने (म्हणजे एमएएच भागिले हजार) गुणलं की वॉट-अवर येतात, आणि बॅटरीत खरोखर ऊर्जा किती ते वॉट-अवर सांगतात. सोनीच्या एनपी-एफझेड१०० वर ७.२ व्होल्ट आणि २२८० एमएएच असं असतं. गुणाकार १६.४, आणि स्टिकरवरही १६.४ वॉट-अवरच. निकॉनच्या ईएन-ईएल१५सी वर ७ व्होल्ट, २२८० एमएएच. गुणाकार १५.९६, छापलेलं १६. आता आपलं स्टिकर घेऊ. ७.२ गुणिले २.६५ म्हणजे १९.०८. त्याच्या बरोबर खाली आपण छापलंय १३ वॉट-अवर. मधले सहा कुठे गेले? हा १३ आला कुठून ते मी शोधून काढलं. जुन्या अस्सल एलपी-ई६ चे ७.२ गुणिले १.८, म्हणजे १२.९६. थोडक्यात, वरचा आकडा आपल्या प्रतिभेतून आलेला आणि खालचा उतरवून घेतलेला. दोघांची एकमेकांशी ओळख करून द्यायची राहून गेली. पुढच्या छपाईत खाली १९ करा. गिऱ्हाइकाला निदान गुणाकारावरून तरी शंका यायला नको.

नंतर मी ती बॅटरी काट्यावर ठेवली. स्वयंपाकघरातला साधा डिजिटल काटा. अस्सल एलपी-ई६ सुमारे ८० ग्रॅम भरते. आपली भरली ६१.

इथे मात्र मला आपल्यापुढे हात जोडावेसे वाटले. १८ मिलिमीटर जाडीचा आणि ६५ मिलिमीटर लांबीचा जो गोल सेल लॅपटॉपपासून टॉर्चपर्यंत सगळीकडे असतो, ज्याला १८६५० म्हणतात, त्याच्या नामांकित कंपन्यांच्या चांगल्यापैकी मालात ३५०० एमएएच बसतात. म्हणजे साडेबारा वॉट-अवरच्या आसपास, आणि वजन ४८ ग्रॅमच्या आसपास. त्या हिशेबाने १९ वॉट-अवरला नुसते सेलच ७२ ग्रॅमचे लागतील. प्लास्टिकचा डबा, सर्किट, पत्र्या यांचं वजन वेगळं. आपण सगळं मिळून ६१ मध्ये उरकलंत. लिथियम-आयन बॅटरीबद्दल २०१९ चं रसायनशास्त्राचं नोबेल जॉन गुडइनफ, स्टॅनली व्हिटिंगहॅम आणि अकिरा योशिनो यांना मिळालं. गुडइनफ तेव्हा ९७ वर्षांचे होते. सगळी हयात रसायनं ढवळण्यात घालवली, पण स्टिकर बदलून पाहावं हे काही त्यांना सुचलं नाही. एका नोबेलमध्ये तिघांहून जास्त नावं बसत नाहीत असा नियम आहे, नाहीतर चौथं आपलंच होतं.

ही बॅटरी पुढे मेली, आणि मग मी ती उघडली. (वाचकहो, हे घरी करू नका. सेलला भोक पडलं किंवा पत्र्या एकमेकींना चिकटल्या तर तो पेट घेतो, आणि ती आग सहजी विझत नाही.) आत दोन सेल निघाले. नवे म्हणवत नव्हते, कारण त्यांच्या टोकांवर आत्ताच्या पट्टीच्या शेजारी जुन्या वेल्डिंगचे ठिपके होते आणि उपटलेल्या पत्र्याचा एक तुकडाही तसाच राहिलेला. म्हणजे हे दोघं आधी दुसऱ्या कुठल्या तरी यंत्रात आयुष्य काढून, निवृत्त होऊन आपल्याकडे पुनर्नियुक्तीवर आलेले. त्यांच्या पेन्शनचा विचार आपण केलात, हेही थोडकं नाही.

खरी कारागिरी पुढे होती. कॅमेऱ्याच्या बॅटरीला अधिक आणि उणे ही दोनच टोकं असून भागत नाही. आणखी एक टोक तापमानाचं असतं, आणि पुष्कळ बॅटऱ्यांत कॅमेऱ्याशी बोलण्याचं एक. तापमानाच्या टोकामागे थर्मिस्टर नावाचा बारीकसा भाग असतो. बॅटरी तापली की त्याचा रोध बदलतो, चार्जरला ते कळतं आणि तो हात आखडता घेतो. आपण तिथे थर्मिस्टरऐवजी साधा रेझिस्टर डकवला आहे, कायम एकच आकडा सांगणारा. डॉक्टरांच्या थर्मामीटरवर रंगाने ९८.६ लिहून ठेवावं तसं! बॅटरी इस्त्रीसारखी तापली तरी चार्जरला निरोप एकच : सगळं ठीक आहे, येऊ द्या. या बदलात आपले वाचले किती? कटिंग चहाही येणार नाही त्यात.

सेल ४.२ व्होल्टच्या फार वर गेला की भरणं थांबवायचं, फार खाली गेला की देणं थांबवायचं, शॉर्ट झाला की तोडायचं, हे काम करणारं सर्किट होतं एक. त्याबद्दल आभार. फुगलेली बॅटरी कॅमेऱ्याच्या खाचेत अडकून बसते आणि ती उचकटायला गेलं की खाच तुटते, हे आमच्या धंद्यात सगळ्यांनी कुणाच्या ना कुणाच्या कॅमेऱ्यात पाहिलेलं आहे. आपली फुगली नाही, नुसतीच मेली. सज्जन म्हणायची.

आता तिने काम कसं केलं ते सांगतो. आषाढी वारीत लोणंद सोडलं की चांदोबाचा लिंब येतो. माउलींच्या पालखीचं पहिलं उभं रिंगण तिथे होतं. दोन्हीकडे वारकऱ्यांच्या भिंती, मधून वाट, आधी स्वाराचा अश्व आणि मग माउलींचा अश्व, ज्याच्या पाठीवर कुणी बसत नाही. सगळा मामला काही सेकंदांचा, आणि दुसरी संधी मागता येत नाही. कॅमेऱ्याच्या पडद्यावर ५८ टक्के. घोडा टप्प्यात आला, बटण दाबलं, दोन-चार फ्रेम वाजल्या आणि पडदा काळा. बंद करून पुन्हा चालू केला, पुन्हा ५८ टक्के! पुन्हा दाबलं, पुन्हा काळा. तोवर टाळ-मृदंगाचा कल्लोळ पुढे निघून गेला होता आणि लोक टापांखालची माती कपाळाला लावत होते. शेजारचे एक बाबा म्हणाले, ‘माउली, बंद पडलं व्हय?’ मी हो म्हणालो. आपल्या आकड्याबद्दल त्यांना सांगत बसलो नाही, वारीत तोंडी शिवी नको म्हणून.

त्या ५८ टक्क्यांत लबाडी कॅमेऱ्याची नव्हती. बॅटरीशी धड बोलणं होत नसेल तर कॅमेरा निवांत क्षणीचं व्होल्टेज बघून अंदाज बांधतो. शटर, फोकसची मोटर आणि स्टॅबिलायझर एकदम वीज मागतात तेव्हा थकलेल्या सेलचा अंतर्गत रोध आडवा येतो आणि व्होल्टेज धाडकन कोसळतं. कॅमेरा जीव वाचवायला मान टाकतो. मागणी थांबली की व्होल्टेज पुन्हा वर, पडद्यावर पुन्हा ५८. बॅटरीत एकूण किती भरलं आहे हा एक प्रश्न, आणि ते हव्या त्या क्षणी बाहेर येतं का हा दुसरा. आपला आकडा पहिल्याचं उत्तर खोटं देतो आणि दुसऱ्याची दखलच घेत नाही.

अस्सल बॅटरीच्या आत हिशेब ठेवणारी चिप असते, म्हणून ती आपलं वयही सांगते. निकॉनच्या कित्येक कॅमेऱ्यांत मेनूमध्ये बॅटरीचं वय ० ते ४ असं दिसतं. ० म्हणजे नवी, ४ म्हणजे आता बदला. कॅननमध्ये तीन हिरव्या खुणांनी तिचा दम दाखवतात. आपल्या बॅटरीच्या बाबतीत तो रकाना रिकामा. बायकांचं वय विचारू नये म्हणतात, आपण तो शिष्टाचार बॅटऱ्यांनाही लावलात. आणि बोलणं जमलं नाही की कॅननचे काही कॅमेरे पडद्यावर सरळ विचारतात, या बॅटरीवर कॅननचं बोधचिन्ह आहे का? साहेब, आहे! कॅननने लावलं असतं त्याहून जाड लावलं आहे. आता मी प्रामाणिकपणे काय उत्तर द्यावं, एवढं कळवा.

न्यायाने बोलायचं तर, मेलेल्या प्रत्येक बॅटरीचं खापर आपल्या माथी फोडता येणार नाही. परवा एक दोस्त नवा मिररलेस घेऊन आला आणि ‘बॅटरीत दम नाही, डुप्लिकेट गळ्यात मारली’ म्हणून ओरडत होता. बॅटरी अस्सल होती. निकॉनच्या डी८५० ला एका चार्जमध्ये १८४० फोटो असं कंपनी सांगते, आणि त्याच घराण्यातली बॅटरी घेऊन चालणाऱ्या झेड७ ला ३३०. डीएसएलआरमध्ये डोळा लावला की आरशातून थेट प्रकाश येतो, त्याला वीज लागत नाही. मिररलेसमध्ये तुम्ही नुसतं बघत असता तेव्हाही सेन्सर जागा, प्रोसेसर जागा, डोळ्यापुढचा चिमुकला पडदा जागा. फोटो न काढताच बॅटरी उतरते. सोनीने २०१५ साली ए७आर-२ विकला तेव्हा खोक्यात दोन बॅटऱ्या दिल्या होत्या. कंपनीने तोंडाने काही कबूल केलं नाही, खोक्याने केलं. त्या एनपी-एफडब्ल्यू५० मध्ये फक्त १०२० एमएएच होते. २०१७ साली दुपटीहून मोठी एनपी-एफझेड१०० आली तेव्हा कुठे सोनीवाले चार्जर गळ्यात घालून हिंडायचे थांबले.

बरं, हे १८४० आणि ३३० तरी शब्दशः घ्यायचे नाहीत. ते जपानच्या कॅमेरा अँड इमेजिंग प्रॉडक्ट्स असोसिएशनच्या, म्हणजे सीपाच्या, ठरलेल्या चाचणीतून येतात. २३ अंश तापमान, दर ३० सेकंदांनी एक फोटो, फ्लॅश असेल तर एक सोडून एक फोटोला फ्लॅश, झूम आत-बाहेर, दहा फोटोंनंतर बंद करून पुन्हा चालू. असे फोटो जगात कोणी काढत नाही. अक्षता पडताना आम्ही सेकंदाला दहा दाबतो, मग नवरी सजत असताना तासभर नुसते बसतो. त्यामुळे कुणाला छापलेल्याच्या दुप्पट मिळतात, तर प्रत्येक फोटो पडद्यावर दहादा बघणाऱ्याला निम्मेही नाहीत. पण चाचणी सगळ्यांना एकच असल्याने दोन कॅमेऱ्यांची तुलना करता येते. आपली चाचणी कोणती हो? छापताना शाई वाळली की पास?

कंपन्यांचाही मला पुळका नाही. अस्सल बॅटरीच्या किमतीत आपल्या चार-पाच येतात, आणि आपल्या धंद्याचं हे निम्मं भांडवल त्यांनीच पुरवलेलं आहे. परवापर्यंत चालणारी दुसऱ्या कंपनीची चांगली बॅटरी फर्मवेअर अपडेट केल्यावर कॅमेरा एकाएकी ओळखेनासा होतो, हेही आम्ही सोसलं आहे. म्हणून दुसऱ्या कंपनीची बॅटरी घेणाऱ्याला मी नावं ठेवत नाही. स्वतःचं नाव स्वतःच्या मालावर लावून, आमची बॅटरी अमक्या कॅमेऱ्याला चालेल असं सांगून विकणारे बरेच आहेत, आणि त्यांतल्या काहींची बॅटरी अस्सलच्या जवळपास बॅकअप देते. मी त्या वापरतो. ते आपले भाऊबंद नव्हेत. ते दुसऱ्याचं बोधचिन्ह चिकटवत नाहीत, आणि त्यांचे आकडेही आपल्याइतके रसिक नसतात.

आपली थोरली पाती म्हणजे पेन्सिल सेलवाले. फ्लॅशगनमध्ये अजूनही पुष्कळांना चार पेन्सिल सेल लागतात. दुकानात रिचार्जेबल सेलवर ३८०० एमएएच वाचून मी त्या मुलाला विचारलं, ‘याचा बाप कोण?’ निकेल-मेटल हायड्राइडचा त्या मापाचा सेल २७००-२८०० च्या पुढे जात नाही, रसायनाचीच हद्द आहे ती. आणि गंमत अशी की खरे जाणकार मोठा खरा आकडाही मुद्दाम टाळतात. सान्योने २००५ साली एनेलूप आणला, त्यावर दोन हजारांच्या आसपासचा आकडा. इतरांनी नाकं मुरडली. पण तो भरून ठेवला तर वर्षाने काढला तरी बहुतांश भरलेला असे, तेव्हाचे मोठ्या आकड्याचे सेल मात्र काही महिन्यांत आपोआप रिकामे. आज त्याच घराण्यातला २५०० च्या आसपासचा प्रो मिळतो, पण तो साध्याच्या मानाने फार कमी वेळा चार्ज होतो. म्हणून फ्लॅशला मी साधा एनेलूपच घालतो. साधे अल्कलाइन सेल १.५ व्होल्टचे आणि रिचार्जेबल १.२ चे, म्हणून अल्कलाइन जास्त जोरकस असं पुष्कळांना वाटतं. फ्लॅशच्या तडाख्यात अल्कलाइनचं व्होल्टेज इतकं पडतं की दोन झगमगाटांच्या मधल्या वेळात वरात पुढे निघून जाते. घड्याळात घाला त्यांना, वर्षभर इमानाने चालतील. चार सेलचा संच एकत्रच वापरावा, मार्करने अ-ब-क लिहून. जुना आणि नवा एकत्र घातला की दुबळा आधी संपतो आणि बाकीचे तिघं त्याला उलटा चार्ज करतात. हे अल्कलाइनलाही लागू आहे, आणि आजोबांच्या रेडिओलाही.

उन्हाचं एक राहिलं. ताडोबाला एप्रिल-मेमध्ये गर्दी असते, कारण तेव्हा वाघ पाणवठ्यावर येतात. चंद्रपूरचा पारा ४५ च्या पुढे, आणि लोक बॅटऱ्या गाडीच्या डॅशबोर्डवर ठेवून जेवायला जातात. थंडीने लिथियम-आयन तात्पुरती मंदावते. लडाखला मेलेली बॅटरी आतल्या खिशात ठेवून गरम केली की आणखी थोडे फोटो देते. उन्हाने ती कायमची म्हातारी होते, आणि भरलेली असताना तर लवकरच. पावसाळ्यात काम नसलं की निम्मी भरून कपाटात ठेवावी. नवी बॅटरी पहिल्यांदा बारा तास चार्ज करा, पूर्ण संपल्याशिवाय लावू नका, हे सल्ले निकेल-कॅडमियमच्या जमान्यातले. दुकानदार अजून देतात, सवयीने. आपल्या बॅटरीला बारा तास लावायचे तर शेजारी बसून राहावं लागेल, बादली घेऊन.

आणि आपल्या कर्तृत्वाचा एक पैलू आपल्याला ठाऊक नसेल. विमानात सुट्या लिथियम बॅटऱ्या चेक-इनच्या सामानात टाकता येत नाहीत, हातातल्या बॅगेतच न्याव्या लागतात. १०० वॉट-अवरपर्यंत परवानगीची गरज नाही, १०० ते १६० ला विमान कंपनीची मंजुरी लागते. कॅमेऱ्याच्या १३-१६ वॉट-अवरच्या बॅटऱ्या त्यात आरामात बसतात. पण आपल्या पॉवर बँक शाखेने ३०००० एमएएच छापलं की ३.७ ने गुणून १११ वॉट-अवर होतात, आणि सुरक्षा तपासणीचा जवान स्टिकर वाचतो. आत दहा हजारही नसलेली पॉवर बँक एका व्हिडिओवाल्याची मुंबई विमानतळावर टेबलावरच राहिली. आपल्या आकड्यावर इतका पूर्ण विश्वास ठेवणारा माणूस देशात तो एकच, आणि तो गणवेशात.

आता मी काय करणार आहे ते सांगतो, म्हणजे आपण बेसावध राहणार नाही. आमच्या ओळखीच्या सगळ्या फोटोवाल्या पोरांना सांगणार आहे की दुकानात गेल्यावर मोठा आकडा झाकायचा आणि बाकीचं वाचायचं. फोनवर व्होल्ट गुणिले एमएएच करायचं आणि छापलेल्या वॉट-अवरशी ताडायचं. हातात अस्सल बॅटरी न्यायची आणि दोन्ही तळहातांवर तोलायच्या. एमआरपी, महिना-वर्ष आणि आयातदाराचा नाव-पत्ता पुड्यावर हवाच, कायदा आहे. भारतीय मानक ब्युरोचा आयएस १६०४६ आणि आर अक्षराने सुरू होणारा नोंदणी क्रमांक शोधायचा, आणि तो दुकानातच उभ्या उभ्या बीआयएस केअर अ‍ॅपमध्ये घालून पाहायचा. बिल मागायचं. बिल म्हटल्यावर दुकानदाराचा चेहरा पडला की उरलेली चाचणी करायची गरजच नाही. घरी आल्यावर कॅमेरा तिपाईवर लावून, पंख्याखाली, अस्सल बॅटरीवर व्हिडिओ चालू ठेवायचा आणि बंद पडेपर्यंतची मिनिटं मोजायची. मग नवीवर तेच. दोन्ही संख्या मार्करने बॅटरीवर लिहायच्या, आपल्या सोनेरी २६५० च्या डोक्यावरून. कामाच्या दिवशी ती बॅटरी दुसऱ्या क्रमांकाला, मुहूर्ताला अस्सलच. मेलेल्या बॅटऱ्या घंटागाडीत टाकायच्या नाहीत, कचरा दाबताना पेटतात. ई-कचरा घेणाऱ्याकडे टोकांना चिकटपट्टी लावून द्यायच्या.

पोरं ऐकतील असा भ्रम मला नाही. मोठा आकडा आणि कमी भाव एकाच पुड्यात दिसला की हात जातोच, आपण माणसं चांगली ओळखता.

कळावे.

आपला,
एक गिऱ्हाईक

ता. क. : आपल्या बॅटरीवर नोंदणी क्रमांक आहे, हे सांगायचं राहिलं. मी अ‍ॅपमध्ये घालून पाहिला. तो एलईडी दिवे बनवणाऱ्या एका कारखान्याचा निघाला. पुढच्या खेपेला निदान बॅटरीवाल्याचा ढापा.